ब्लू बॉटल की जेलीफिश? हात लावण्याआधी ओळखा

पावसाळ्याच्या सुट्टीत नागपूरहून कोकणात किंवा मुंबईला गेलेल्या पोरांना वाळूतला निळा फुगा आणि पारदर्शक गोळा, दोन्ही जेलीफिशच वाटतात. हात दोन्हींना लावायचा नाही, पण जास्त जपायचं ते निळ्या फुग्यापासून, म्हणजे ब्लू बॉटलपासून.

जेलीफिश हा एकच प्राणी. छत्री मिटत-उघडत तो पोहतो. ब्लू बॉटल मात्र जोडलेल्या अनेक लहान जीवांची वसाहत आहे: काही शिकार धरतात, काही पचवतात, वर वायूने भरलेला फुगा. तिला पोहता येत नाही, वारा नेईल तिकडे ती जाते. म्हणून नैऋत्येचा वारा जोरात असला की त्या घोळक्याने किनाऱ्याला लागतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर अनेकांना त्यांचा दंश झाला. एक दिसली की आजूबाजूला आणखी आहेत असंच धरा.

फुगा जेमतेम बोटभर असला तरी त्याखालचे निळे धागे कित्येक मीटर लांब असू शकतात आणि वाळूत दिसत नाहीत. ब्लू बॉटल मेली तरी धाग्यांतल्या दंशपेशी स्पर्श होताच विष टोचतात. जेलीफिशच्या काही जातींचा दंश जेमतेम जाणवतो, काहींच्या छत्रीवरही दंशपेशी असतात. जात ओळखता येत नसेल तर 'वरून धरलं तर चालतं' यावर विसंबू नका.

ब्लू बॉटल लागली तर चोळू नका, वाळू घासू नका, लघवी तर नाहीच. चिकटलेले धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा. मग तो भाग ४५ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात २० मिनिटं ठेवा. नागपूरकरांना ४५ अंशांची हवा सवयीची, पण तेवढंच पाणी चांगलंच कढत लागतं. दंश झालेल्याला वेदनेत अंदाज येत नाही, त्यामुळे आधी दुसऱ्याने हात घालून पाहावं. थर्मासमध्ये गरम पाणी आणि सोबत चिमटा असला की काम होतं. व्हिनेगर लावण्याचा सल्ला मुळात बॉक्स जेलीफिश या अतिविषारी जेलीफिशसाठीचा. ऑस्ट्रेलियातल्या प्रथमोपचारात ब्लू बॉटलसाठी तो देत नाहीत.

श्वास लागला, चेहरा सुजला, छातीत दुखलं, उलट्या झाल्या किंवा डोळ्याला दंश झाला, तर गरम पाण्याच्या उपचारात वेळ न घालवता १०८ ला फोन करा.