कोच, समुपदेशक, मानसोपचार : सांगलीतली पार्श्वभूमी

सांगलीत समुपदेशकाचं काम लोकांना कळलं ते मनाच्या आजारांमुळे नव्हे, एचआयव्हीमुळे. २००० नंतरच्या दशकात जास्त लागण असलेल्या जिल्ह्यांत सांगली मोडत होती, आणि सरकारी दवाखान्यांत तपासणी केंद्रं सुरू झाली. रक्त घेण्याआधी संमती, चिठ्ठीवर नावाऐवजी क्रमांक, रिपोर्ट सांगताना दार बंद. सोबत आलेल्या सासऱ्यांनाही बाहेरच थांबवायचं. मानधनावरच्या या समुपदेशकांना ना निदान करायचं होतं ना औषध लिहायचं. पण ऐकून घेणं, धीर देणं हे रीतसर शिकून करायचं काम आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. मिरजेत मानसोपचाराची सोय त्याआधीपासून होती. तिथं जायचं म्हटलं की घरचे दबकत.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषध न देता मनाच्या आजारांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ; त्यांच्या नोंदणीचा रस्ता भारतीय पुनर्वसन परिषदेच्या १९९२च्या कायद्याने खुला केला. खरा वाद आहे तो २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या व्याख्येचा. मानसिक आरोग्य व्यावसायिक कोण? मानसोपचारतज्ज्ञ, नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोरुग्णसेवेचं प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका आणि समाजकार्यकर्ते; शिवाय आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, सिद्ध यांतल्या ठरावीक पदव्युत्तर पदव्यांचे डॉक्टरही. समुपदेशक मात्र यादीबाहेर. व्याख्या कडक ठेवली नाही तर कुणीही उपचार करू लागेल, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण बंद दाराआड वर्षानुवर्षं हे काम केलेल्यांना त्यात जागा नसावी, हे पटत नाही. २०२१च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने ही उणीव थोडी भरून काढली. त्याच्या यादीत एचआयव्ही आणि कुटुंबनियोजनाचे समुपदेशक स्पष्ट नोंदवलेले आहेत.

कोच, म्हणजे नोकरी-धंद्यात किंवा आयुष्यात ध्येय गाठायला मार्गदर्शन करणारा, मात्र कुठल्याच यादीत नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात खेळाच्या मैदानावरून निघालेला हा विचार कंपन्यांत शिरला, १९९५ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि कोरोनानंतर ऑनलाइन कोर्समधून तो इकडेही आला. कोच पुढचं ध्येय धरून चालतो. समोरचा माणूस आजारी नाही, हे त्यात गृहीत असतं. नोकरी बदलायची आहे, धंदा वाढवायचा आहे, तिथवर हे ठीक. पण महिनोन्‌महिने झोप नसलेला, जीव नकोसा झालेला माणूसही 'मोटिव्हेशन कमी पडतंय' म्हणून त्याच्याकडेच जातो, आणि हे ओळखून त्याला डॉक्टरकडे पाठवण्याची सक्ती कोचवर नाही. प्रमाणपत्र देतात त्या खासगी संस्था. फी घेऊन फसवलं तर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते; नैराश्य ओळखलंच नाही, तर डॉक्टरसारखी रद्द व्हावी अशी सरकारी नोंदणीच कोचची नाही.