गंगेतला सूंस कानांनी पाहताना

बरारी घाटावरून होडी निघाली तेव्हा बिहारमधल्या भागलपुरात नुकतं उजाडत होतं. पात्राच्या मध्यावर नावाड्याने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "अब कान लगाइए." मी कॅमेरा सरसावून बसले होते. बराच वेळ नुसतं गढूळ पाणी. मग पाठीमागे 'सूंऽस' असा आवाज झाला. वळले तोवर पाण्यावर वर्तुळंच उरली होती.

तारकर्लीच्या समुद्रात डॉल्फिन पाहिलेल्या माणसाला गंगेतला हा डॉल्फिन चकवतो. चिमट्यासारखी लांब चोच, करडं अंग, पाठीवर जेमतेम उंचवटा. अर्ध्या ते दोन मिनिटांनी श्वासापुरता वर येतो नि गडप. त्या श्वासाच्या आवाजावरूनच त्याचं नाव पडलं सूंस.

त्याच्या डोळ्यात भिंगच नसतं. उजेड कुठे, अंधार कुठे, एवढंच कळतं. गंगेच्या गाळात डोळे असून तरी काय दिसणार! म्हणून तो जवळजवळ अखंड 'टिक टिक' आवाज करत राहतो. हा आवाज नाकाच्या मार्गात तयार होतो, कपाळातल्या चरबीच्या गोळ्यातून पुढे सुटतो, माशावर आपटतो आणि परतलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातून कानाशी पोचतो. आपल्या कानांच्या मर्यादेपलीकडचा हा आवाज आहे. आणखी एक गंमत म्हणजे तो बऱ्याचदा कुशीवर पोहतो, एका पराने तळ चाचपत.

आता विचार करा, अशा जिवाच्या डोक्यावरून मालवाहू बोटी गेल्या तर? उन्हाळ्यात पाणी उतरलं की आवाजाला पसरायला जागा उरत नाही. गंगेत झालेल्या ध्वनिमापनात दिसलं की गोंगाटात सूंसांना आपले आवाज बदलावे लागतात, त्यात त्यांची जास्तीची ताकद खर्ची पडते. मला हा धोका सर्वांत जास्त छळतो, कारण तो काठावरून दिसतच नाही. नायलॉनच्या जाळ्यात अडकलेला सूंस निदान दिसतो. श्वासाला वर येता न आल्यामुळे तो पाण्यातच गुदमरून मरतो.

अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, मारू नयेत अशा प्राण्यांत 'गंगापुपुटक' आहे. बरेच अभ्यासक तो सूंसच मानतात. सुलतानगंज ते कहलगाव हा सुमारे 60 किलोमीटरचा पट्टा 1991मध्ये विक्रमशिला अभयारण्य झाला. 2009मध्ये सूंस राष्ट्रीय जलचर ठरला. मार्च 2025मध्ये जाहीर झालेल्या गणनेत देशात 6,324 सूंस मोजले गेले, त्यांतले 2,220 बिहारमध्ये. आकडा धीर देणारा आहे, पण मादीला दोन-तीन वर्षांनी एकच पिल्लू होतं. चीनच्या यांगत्से नदीतला बैजी डॉल्फिन 2006च्या शोधमोहिमेत एकही सापडला नव्हता.

ऊन चढल्यावर होडीपासून वीसेक हातांवर एक मोठी चोच वर आली, तिला चिकटून एक बोटभर चोच. नावाड्याने ओठांवर बोट ठेवलं. परतताना इंजिन सुरू न करता त्याने लग्गी, म्हणजे लांब बांबू, हातात घेतली आणि ती जागा बरीच मागे पडेपर्यंत होडी हातानेच रेटत नेली.