जपानातली मास्तरकी म्हणजे नुसतं फिरणं नव्हे

आर्वीकडच्या आमच्या गावात, मारुतीच्या पारावर, एक गोष्ट पक्की समजली जाते: जपानात इंग्रजी शिकवायला गेलेल्याला काम नसतं, फोटो काढत फिरायचं असतं. पोट्टे हे ऐकून एजंटाच्या मागे लागतात, म्हणून लिहितो आहे.

तिथल्या सरकारी शाळांत परदेशी शिक्षक नेणारा ‘जेट’ कार्यक्रम 1987 साली सुरू झाला. त्यातला सहायक शिक्षक साधारण आठवड्याला 35 तास, सोमवार ते शुक्रवार काम करतो. वर्ग बहुधा जपानी शिक्षकासोबत घ्यायचा, उरलेल्या वेळी पाठाची तयारी. मुलांना उन्हाळी सुट्टी लागली तरी त्याला बऱ्याचदा शाळेत हजर राहावं लागतं. हे कोणी सांगतच नाही!

अनेकांची नेमणूक आडगावात होते. शनिवारी किराणा, कपडे धुणं, घर आवरणं. मग जमलं तर लोकल गाडीने जवळचं एखादं शहर. आपण पऱ्हाटीच्या कामातून वेळ काढून वर्ध्याला जातो, तसंच ते. व्हॉट्सअ‍ॅपवर येतो तो त्या एका दिवसाचा फोटो.

अन् पर्यटक व्हिसावर तिथे शिकवणं बेकायदा आहे. ‘आधी फिरायला चला, नोकरी तिथे लावून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.