मल्टिलिंक डायल-अप

दोन किंवा अधिक टेलिफोन लाइनींवर एकाच वेळी मोडेमने (संगणकाला टेलिफोन लाइनीशी जोडणारे उपकरण) फोन लावून त्यांची मिळून एकच इंटरनेट जोडणी करण्याची, डायल-अपच्या काळातली पद्धत. तिचा आधार असलेल्या मल्टिलिंक पीपीपी या प्रोटोकॉलचे (संगणकांनी आपसात बोलण्याचे नियम) आजचे रूप आरएफसी (इंटरनेटचे तांत्रिक नियम सांगणारे दस्तऐवज) १९९० मध्ये आहे (१९९० हा दस्तऐवजाचा क्रमांक, साल १९९६).

पाठवणारे टोक माहितीच्या प्रत्येक पॅकेटचे तुकडे पाडून, त्यांना अनुक्रमांक देऊन ते दोन्ही लाइनींवर वाटते. घेणारे टोक ते क्रमाने जुळवते. त्यामुळे एक लाइन ४६ केबीपीएसला (सेकंदाला ४६ हजार बिट) आणि दुसरी २४ला लागली, तर पहिलीवरून आलेले तुकडे दुसरीची वाट पाहत अडकतात. दोन्ही बरोबरीच्या असल्या की ८० ते ९५ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला साधारण १० किलोबाइट मिळतात. मोठी फाइल लवकर उतरते, पण पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) कमी होत नाही. गेमसाठी दुसरी लाइन घेणे व्यर्थ.

दोन स्वतंत्र नंबर लागतात. एकाच लाइनीचे पॅरलल कनेक्शन चालत नाही. मोडेम शक्यतो एकाच बनावटीचे, व्ही.९० (५६ केबीपीएसच्या मोडेमचे मानक) प्रकारचे घ्यावेत. बाहेरचे मोडेम असल्यास ते संगणकाच्या कॉम १ आणि कॉम २ या सिरियल पोर्टांवर लावावेत. कॉम १ आणि कॉम ३ सहसा एकच आयआरक्यू (उपकरणाचा प्रोसेसरला हाक देण्याचा मार्ग; इथे क्रमांक ४) वापरतात, आणि मग दुसरा मोडेम डायल करताच पहिला गप्प होतो. पोर्टचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट ठेवावा.

विंडोज ९८ मध्ये आधी कंट्रोल पॅनेलच्या ‘मोडेम्स’मधून दोन्ही मोडेमचे डायग्नोस्टिक्स तपासावे. मग डायल-अप नेटवर्किंगमधील कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मल्टिलिंक’ टॅबवर ‘यूज अ‍ॅडिशनल डिव्हायसेस’ निवडून दुसरा मोडेम जोडावा. विंडोज एक्सपीत ‘जनरल’ टॅबवरच दोन्ही मोडेमांवर खूण करतात. ‘नो डायलटोन’ आले, पण कानाला टोन ऐकू येत असेल, तर मोडेमच्या जादा सेटिंग्जमध्ये ‘एक्स३’ (X3) ही डायलटोनची वाट न पाहण्याची आज्ञा घालावी. कॉल वेटिंग बंद हवे. त्याच्या एका बीपने लाइन तुटू शकते.

सेटिंग बरोबर असूनही जोडणी एकाच लाइनीवर राहते, तेव्हा दोष बहुधा सेवादात्याकडे असतो. त्याच्याकडे मल्टिलिंक चालू हवे आणि एका खात्यावर दोन लॉगिनची परवानगी हवी. दोन कॉल सेवादात्याच्या दोन वेगळ्या अ‍ॅक्सेस सर्व्हरवर (फोन उचलणाऱ्या यंत्रांवर) पडले आणि त्या सर्व्हरांचा आपसात मेळ नसेल, तरी दोन्ही लाइनींचा गठ्ठा बांधला जात नाही. हे आधी विचारून मगच दुसऱ्या फोनसाठी अर्ज करावा. कॉलचे मीटरही दोन्ही नंबरांवर वेगवेगळे पडते.

मुंबई परिसरात पाहिले, तर ठाणे आणि नवी मुंबई एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीच्या मुंबई क्षेत्रात, ०२२ कोडखाली येत असल्याने मुंबईतल्या सेवादात्याचा नंबर लावायला एसटीडी (परगावचा महाग कॉल) लागत नसे. शेजारच्या डोंबिवलीचा कोड मात्र ०२५१. खरी अडचण तांब्याच्या तारेची. पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलच्या जॉइंटमध्ये किंवा इमारतीच्या डीपी बॉक्समध्ये (जिथून तारा घरोघरी फुटतात) पाणी शिरले की खरखर वाढते आणि मोडेम आपणहून वेग उतरवतो. मोडेम काढून साध्या फोनवर एखादा अंक दाबावा. टोन थांबल्यावर शांतता हवी. तिथे खरखर असेल तर संगणकाला हात न लावता तक्रार नोंदवावी. तारेच्या जोड्या कमी पडल्या म्हणून दोन नंबर एकाच जोडीवर पेअर-गेन उपकरणाने (एका जोडीवर दोन फोन चालवणारे) दिले असतील, तर अ‍ॅनालॉग-डिजिटल अशा जादा रूपांतरणामुळे व्ही.९० लागतच नाही; वेग ३३.६ किंवा त्याखाली येतो.

आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन लाइनीत ६४ केबीपीएसचे दोन चॅनेल याच प्रोटोकॉलने जोडून १२८ मिळतात. २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ केबीपीएस धरला. एडीएसएल या टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडवर तो तारेच्या एकाच जोडीवर, फोन मोकळा ठेवून मिळू लागल्यावर दुसऱ्या लाइनीचे भाडे भरण्याला कारण उरले नाही.