ओकिनावा १९४५ : रडार-पहाऱ्यावरच्या विनाशिका

जपानच्या ओकिनावा बेटावरच्या लढाईत विनाशिकांवर असलेल्या अमेरिकी खलाशांच्या आठवणींत बेट फारसं येत नाही. येतं ते मोकळं पाणी आणि विमानांची वाट पाहणं. कारण त्यांची जहाजं किनाऱ्यापासून दूर उभी होती.

१ एप्रिल १९४५ला बेटावर अमेरिकी सैन्य उतरलं. उत्तरेच्या क्यूशू बेटावरच्या तळांवरून येणारी जपानी आत्मघातकी विमानं आधीच हेरता यावीत म्हणून ओकिनावाभोवती १६ रडार-ठाणी आखली होती. ठाण्यावर एखाद-दोन विनाशिका आणि सोबतीला छोट्या तोफनौका असत. विमान रडारवर दिसलं की विनाशिकेवरचाच अधिकारी रेडिओवरून आपल्या लढाऊ विमानांना त्याच्या दिशेने पाठवी. ओकिनावाचा ताफा वाचवणारी ही रचना पहारेकऱ्यांच्या मुळावर आली : उत्तरेकडून येणाऱ्या वैमानिकाला पहिलं जहाज दिसे ते त्यांचंच. ६ एप्रिललाच पहिल्या व दुसऱ्या ठाण्यांवरच्या ‘बुश’ आणि ‘कोलहून’ बुडाल्या.

विमान आलं की कप्तान वेग वाढवून जहाज आडवं वळवी, म्हणजे पुढच्या-मागच्या सगळ्या तोफा एकदम लागू पडत. १२७ मिलिमीटरच्या तोफेचा गोळा सुमारे २५ किलोचा, दारूचं नळकांडं वेगळं. दोन्ही माणसांनी हातांनी तबकावर ठेवायची, पुढे यंत्र ती नळीत सारी. मिनिटाला पंधराएक वेळा हेच, तेही बंद पोलादी खोलीत. विमान आणखी जवळ आलं की ४० आणि २० मिलिमीटरच्या तोफा सुरू होत. यातली २० मिलिमीटरची तोफ सामान्य हल्ल्यात उपयोगी, पण इथे तोकडी पडे. वैमानिक मेला तरी विमान त्याच वेगाने येऊन आदळे आणि त्यातलं पेट्रोल डेकभर पेटे.

१६ एप्रिलला पहिल्या ठाण्यावरच्या ‘लॅफी’वर सुमारे ऐंशी मिनिटांत सहा विमानं आदळली, चार बॉम्ब पडले. सुकाणू डावीकडे अडकलं, जहाज गोल फिरत राहिलं. ३२ जण दगावले. ‘लॅफी’ मात्र तरली. आज ती दक्षिण कॅरोलिनात संग्रहालय म्हणून उभी आहे.

पुढे किनाऱ्यावर रडार उभे राहिले तशी समुद्रातली ठाणी कमी करता आली. तोवर सोबतच्या तोफनौकांवर गोळीबाराइतकंच आणखी एक काम पडत होतं : आग विझवायची, पाण्यातली माणसं उचलायची. खलाशी त्या नौकांना म्हणत ‘खांदेकरी’.