गल्ली निवांत, हमरस्ता तुंबलेला: लंडनच्या रस्तेबंदीची पार्श्वभूमी

वस्तीतले रस्ते बाहेरच्या गाड्यांना बंद करायचा विषय निघाला की लंडनमध्ये शेजाऱ्याशेजाऱ्यांत तट पडतात. ‘लो ट्रॅफिक नेबरहुड’ (कमी रहदारीची वस्ती) ऊर्फ एलटीएन हे या योजनांचं नाव गाजलं कोविडच्या काळात. भांडण मात्र जुनं आहे.

मूळ विचार १९६३ च्या ‘ट्रॅफिक इन टाउन्स’ या सरकारी अहवालातला. तो करणारे कॉलिन बुकॅनन जन्माने आपल्या सिमल्याचे. त्यांचं सांगणं असं, की लांबची वाहतूक मोठ्या रस्त्यांवरच राहावी आणि मधल्या वस्तीत ज्याचं काम असेल त्यानेच गाडी घालावी. १९७० च्या सुमारास इस्लिंग्टनमधल्या बार्न्सबरीत हे करून पाहिलं गेलं. आतल्या गल्ल्या शांत झाल्या. तिथे पैसेवाले राहायला येऊ लागलेच होते. गाड्या गेल्या कडेच्या रस्त्यांवर, आणि तिथले लोक चिडले. त्यांची शांतता, आमच्या दारात धूर! आजही मुख्य तक्रार हीच आहे.

पुढे वॉल्थम फॉरेस्ट या लंडनच्या भागात लंडनच्या महापौरांच्या ‘मिनी हॉलंड’ या सायकलिंगसाठीच्या निधीतून रस्ते बंद झाले, तेव्हा २०१५ साली विरोधक चक्क शवपेटी घेऊन आले होते. तरी ती योजना टिकली.

खरा भडका २०२० चा. लॉकडाऊनमध्ये बस-रेल्वेतली गर्दी टाळायची म्हणून केंद्र सरकारने चालणं-सायकलिंगसाठी तातडीचे २५ कोटी पौंड जाहीर केले आणि स्थानिक पालिकांना घाई करायला सांगितलं. पालिकांनी हत्यार उपसलं ते ‘प्रायोगिक आदेशा’चं: आधी रस्ता बंद, हरकती मागून. असा प्रयोग १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो. गल्लीच्या तोंडाशी लाकडी कुंड्या आल्या, मधून सायकल जाईल एवढी फट. काही ठिकाणी नुसता फलक आणि कॅमेरा. चुकून शिरलं तर तेव्हा १३० पौंड दंड होता, चौदा दिवसांत भरला तर निम्मा. घरोघरी फिरून म्हाताऱ्यांची सेवा करणारे, अपंग रहिवासी, अवजारं घेऊन हिंडणारे प्लंबर यांचे वळसे वाढले. या लोकांना आधी विचारायला हवं होतं, असं माझं मत आहे. काही पालिकांनी अपंगांना सवलत दिली, पण नंतर.

मग उलट वारं वाहिलं. ईलिंग पालिकेने २०२१ मध्ये आपल्या बहुतेक योजना गुंडाळल्या. टॉवर हॅम्लेट्स पालिकेत २०२२ साली लुत्फुर रहमान रस्ते पुन्हा खुले करण्याचं आश्वासन देऊन त्या पालिकेचे महापौर झाले.

कडेच्या रस्त्यांचं काय? वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ४६ योजनांच्या नोंदी चाळल्या. आतली वाहनं बरीच घटली होती, कडेला सरासरी फरक किरकोळ. मात्र या सरासरीत काही रस्ते हलके झाले तसे काही जडही झाले, आणि जड झालेल्या रस्त्यावर राहणाऱ्याला सरासरी सांगून उपयोग नसतो.

मे २०२५ मध्ये वेस्ट डलविचचे रहिवासी लॅम्बेथ पालिकेविरुद्धचा खटला जिंकले. गल्ल्या बंद करणं मुळात योग्य की अयोग्य, यात न्यायालय शिरलं नाही. रहिवाशांनी दिलेलं ५३ पानांचं निवेदन पालिकेने निर्णय घेताना विचारातच घेतलं नव्हतं, या मुद्द्यावर योजना बेकायदा ठरली.