दुतोंड्या मारुती आणि संगणकाचे फटकारे

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककरांच्या मोबाइलवर एक फोटो हमखास फिरतो : नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला, कधी गळ्याला टेकलेलं गोदावरीचं गढूळ पाणी. हा फोटो एखाद्या ॲपमध्ये घालून ‘ऑइल पेंट’चं बटण दाबा. मारुती मेणाचा होतो, पाण्यावर साय धरते. पण हे कुणी रंगवलंय असं काही वाटत नाही.

असा परिणाम देणारा एक जुना फिल्टर म्हणजे कुवाहारा. १९७६ मध्ये तो निघाला हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा स्वच्छ करण्यासाठी. प्रत्येक पिक्सेलभोवती चार चौकोन धरायचे, ज्यात रंगांची चलबिचल सर्वांत कमी त्याची सरासरी घ्यायची. खरखर जाते, कडा टिकतात. मात्र या सगळ्यात फटकारा कुठेच नसतो. फटकाऱ्याला सुरुवात असते, शेवट असतो, रुंदी आणि दिशा असते, आणि तो दुसऱ्या फटकाऱ्यावर चढलेला असतो.

पॉल हेबर्ली यांनी १९९० मध्ये फोटोखालचे रंग उचलून माउसनं फटकारे मारता येतील असा प्रोग्राम दाखवला. ब्रश कुठे आणि केवढा, हे माणूस ठरवत होता. १९९८ मध्ये ॲरन हर्ट्झमन यांनी हा निर्णयही संगणकाकडे दिला, आणि क्रम ठेवला चित्रकाराचाच : आधी जाड ब्रश, मग बारीक.

फोटो १६०० बाय १२०० पिक्सेलचा धरू. ब्रश चार : ४०, २०, १० आणि ५ पिक्सेल त्रिज्येचे. जाड ब्रशसाठी आधी फोटोची धूसर प्रत करायची. ४० च्या ब्रशला २० पिक्सेलचा ब्लर पुरतो. मग ४०-४० पिक्सेलचे चौकोन आखायचे, ते होतात १२००. प्रत्येक चौकोनात कॅनव्हासवरचा रंग आणि धूसर प्रतीतला रंग यांतला फरक मोजायचा : लाल, हिरवा, निळा या तिन्हींच्या फरकांचे वर्ग, त्यांची बेरीज, तिचं वर्गमूळ. काळ्या-पांढऱ्यात हा आकडा ४४१ च्या आसपास येतो. चौकोनाची सरासरी ५० ते १०० अशा ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेली तरच तिथे फटकारा, तोही जिथे फरक सर्वाधिक त्या बिंदूपासून. पहिल्या, म्हणजे सर्वांत जाड ब्रशच्या थराला मात्र ही अट नाही, कारण कॅनव्हास कोरा असतो. पुढे २० च्या ब्रशला ४८०० चौकोन तपासावे लागतात, १० ला १९,२०० आणि ५ ला ७६,८००. तपासावे लागतात, रंगवावे नव्हे. गढुळाचा मोठा पट्टा जाड ब्रशनंच निभतो, बारीक ब्रश तिकडे फिरकत नाही. तो मारुतीच्या डोळ्यांवर आणि शेंदराच्या कडेवर राबतो.

नवशिक्याची चूक इथेच होते. तपशील हवा म्हणून तो मर्यादा १० वर आणतो आणि तासाभरानं त्याच्या हाती जवळपास मूळ फोटोच येतो. दुसरी चूक फटकारे ओळीनं मारण्याची. वरून खाली, डावीकडून उजवीकडे गेलात की मंगलोरी कौलांचं छप्पर दिसतं. क्रम यादृच्छिक हवा, अगदी पत्ते पिसल्यासारखा.

फटकारा वळतो कसा? रंगाची उजळी ज्या दिशेनं झपाट्यानं बदलते तिला आडवं, म्हणजे कडेच्या बाजूनं, ब्रशच्या त्रिज्येएवढं एक पाऊल टाकायचं, तिथे पुन्हा दिशा मोजायची, पुन्हा पाऊल. किमान ४, कमाल १६ पावलं. मधेच असं ठिकाण आलं की तिथे फटकाऱ्याच्या रंगापेक्षा कॅनव्हासवरचाच रंग फोटोला जवळचा आहे, तर थांबायचं. ढगाळ आकाशात उजळी बदलतच नाही, त्यामुळे दिशा वाटेल तशी भरकटते आणि आकाशात टाचण्या सांडल्यासारख्या दिसतात. उपाय म्हणजे शेजारच्या दिशांची सरासरी. पण कोनांची सरळ सरासरी घेऊ नका! १ अंश आणि १७९ अंश या दोन्ही जवळजवळ आडव्या रेषा, सरासरी मात्र ९० अंश, म्हणजे उभी. कोन आधी दुप्पट करायचे : २ आणि ३५८. आता हे वर्तुळावरचे बाण समजून एकत्र केले की उत्तर ० येतं; त्याचं निम्मं करायचं.

रंग मिसळतानाही असाच घात होतो. स्क्रीनवरच्या शुद्ध निळ्या आणि पिवळ्याची सरासरी करडी येते. पॅलेटवर त्यांचा हिरवा होतो. खरं रंगद्रव्य प्रकाश शोषतं आणि विखुरतं, आणि हे गणित कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ मध्येच मांडून ठेवलंय. जलरंग तर आणखी चिवट. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, सुकताना पाणी कडेकडे वाहतं, रंगाचे कण सोबत नेतं आणि कड गडद होते, चहाच्या डागासारखी. १९९७ च्या एका गाजलेल्या जलरंग-प्रोग्राममध्ये कागदावरचं पाणी, बसलेला रंग आणि कागदात मुरलेली ओल असे तीन थर वेगवेगळे मोजले होते. गोदाघाटावरच्या जलरंगांची नक्कल करायची तर ही गडद कड आधी हवी. एरवी सगळं स्केचपेननं भरल्यासारखं दिसतं.

खरी परीक्षा व्हिडिओत. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र रंगवली तर सेकंदाला २४ वेळा सगळे फटकारे जागा बदलतात आणि चित्र उकळू लागतं. फटकारे स्क्रीनवर एकाच जागी खिळवले, तर खडबडीत काचेआडून पाहतोय असं वाटतं. बार्बरा मायर यांनी १९९६ मध्ये तोडगा काढला : फटकारे त्रिमितीय वस्तूच्या पृष्ठभागालाच चिकटवायचे. कॅमेऱ्यानं घेतलेल्या व्हिडिओत असा पृष्ठभाग हाती नसतो, म्हणून पुढच्याच वर्षी पीटर लिट्विनोविच यांनी ‘ऑप्टिकल फ्लो’ वापरला. कुठला पिक्सेल कुठे सरकला ते काढायचं, फटकारा तिकडे सरकवायचा, विरळ जागी नवे घालायचे, दाटीतले काढायचे.

यामागचं गृहीतक असं, की सरकणारा ठिपका आपला रंग बदलत नाही. मारुतीपुरतं ते खरं. पुराच्या पाण्यात चमक आणि भोवरे क्षणाक्षणाला रंग पालटतात, आणि फ्लो वेडावाकडा येतो. अशा वेळी पाण्याचा मास्क, म्हणजे फक्त पाण्याचा भाग दाखवणारा साचा, वेगळा काढावा, प्रवाहाची दिशा हातानं आखून द्यावी, आणि पाण्यावरच्या प्रत्येक फटकाऱ्याला ८ ते १२ फ्रेमचंच आयुष्य द्यावं. येताना-जाताना २-३ फ्रेम विरघळू द्यावा. सगळे एकदम जन्मले तर पाणी धडधडतं, म्हणून जन्म पुढेमागे वाटून द्यावेत. होळकर पुलावरून हातात मोबाइल धरून घेतलेला व्हिडिओ असेल, तर रंगवण्याआधी थरथर काढून टाकावी, नाहीतर पाण्याआधी मारुतीच वाहायला लागतो.